आमच्या घरात ‘परवा’ नाही

मृदुला आणि रोहन,

‘आक्का मोन्ने गेल्या,’ असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा रोहननं विचारलं, ‘कुठं गेल्या?’ आणि मृदुला म्हणाली, ‘आजी, मोन्ने म्हणजे कधी?’ माणूस गेल्याची बातमी सांगताना शब्दाचा अर्थ सांगत बसावं लागलं. मोन्ने म्हणजे कालच्या आदला दिवस. हा शब्द कानडी आहे. आपल्या घरात तो गेली साठ वर्षं मराठी म्हणून चालतो, आणि त्याचा जोडीदार नाडिद्दू, म्हणजे उद्यानंतरचा दिवस, तोही चालतो. तुमचे बाबा कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा मित्रांना म्हणाले, ‘नाडिद्दू सिनेमाला जाऊ या.’ पोरं आठवडाभर हसत होती. तोपर्यंत त्यांना हे दोन्ही शब्द मराठीच वाटायचे. घरात ‘परवा’ हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. तो का नाही, हे त्यांनाही मी नीट सांगितलेलं नाही. आता सांगते, कारण ज्यांनी तो शब्द घरातून काढून टाकला त्या तुमच्या आक्काआजी आता नाहीत, आणि त्यामागचं सगळं ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे.

आक्का माझ्या थोरल्या नणंद, तुमच्या आजोबांच्या मोठ्या बहीण. मी लग्न होऊन बेळगावला आले तेव्हा दुसरं महायुद्ध अजून संपलं नव्हतं. आक्का पुण्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाल्या होत्या आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, असं लोक विचारायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, ‘विचारायला आला तो विडी ओढत होता, आणि ती सारखी विझत होती.’ ही थट्टा होती, पण विडीची गोष्ट खरी होती. त्यांचं आजोळ निपाणीचं. सासूबाईंचे भाऊ, म्हणजे मामा, यांची तिथं तंबाखूची वखार होती. लहानपणापासून आक्कांनी वखारीत एक भांडण ऐकलं होतं. व्यापारी एका शेतकऱ्याच्या पानाला नाक मुरडायचा, ‘ही विझतीया.’ शेतकरी म्हणायचा, ‘माझ्या शेजारच्या रानातली जळतीया, मग माझीच कशी विझंल?’ बांधाला बांध लागलेला, बियाणं एक, पाणी एक, आणि तरी एका रानातल्या पानाची विडी शेवटपर्यंत जळायची आणि दुसऱ्या रानातल्या पानाची चार झुरक्यांत थंड व्हायची. असं का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आक्कांना ते शोधून काढायचं होतं.

त्यासाठी माडीवरच्या खोलीत त्यांनी सोनाराचा जुना काटा आणि दोन मुशी आणून ठेवल्या होत्या. वेगवेगळ्या रानांतली पानं वाळवायची, तोलायची, मुशीत जाळायची आणि उरलेली राख पुन्हा तोलायची. सगळ्या घराला वास यायचा. सासूबाई खालून ओरडायच्या, ‘आक्के, शेजारची म्हणायला लागली, पोरगी चिलीम ओढती म्हणून!’ आक्का वरून म्हणायच्या, ‘ओढत न्हाय म्हणावं, नुसती पेटवते.’

शाळेतल्या पगारावर आणि सोनाराच्या काट्यावर हे काम पुरं होणार नाही, हे त्यांना कळत होतं. प्रयोगशाळा हवी होती. त्या काळी प्रबंध लिहूनही एम.एस्सी. करता येत असे. मार्गदर्शकानं होकार दिला की विद्यापीठाकडे अर्ज करायचा, विषय मंजूर झाला की कामाला लागायचं. आक्कांनी पुण्याच्या आपल्या जुन्या प्राध्यापकांना लिहायचं ठरवलं, आणि इथं माझा संबंध आला. आक्कांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग मोडल्यासारखं. माझं इंग्रजी आणि अक्षर दोन्ही चांगलं, अशी ख्याती माझ्याबरोबर सासरी आली होती, जसं कुणाबरोबर शिवणयंत्र येतं. त्या सांगायच्या, मी लिहायची. ‘विषय काय लिहू?’ असं मी विचारलं. ‘विडी का विझते,’ त्या म्हणाल्या. मी त्याचं दोन ओळींचं भारदस्त इंग्रजी केलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘इंदू, हे वाचून मलाच कळंना झालंय, मी काय करणार आहे ते. म्हणजे मंजूर होणार.’

प्राध्यापकांचा होकार आला. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला ते शेवटपर्यंत मार्गदर्शन करू शकणार होते, नवीन कुणाला घेऊ शकणार नव्हते. म्हणजे हीच एक संधी. आक्कांनी अर्ज भरून, सही करून त्यांच्याकडे पाठवला. त्यांनी शिफारस लिहायची आणि कागद परत बेळगावला पाठवायचे, मग आम्ही ते दाखल्यांसह विद्यापीठाकडे रजिस्टर टपालानं पाठवायचे, असं ठरलं होतं.

तेवढ्यात निपाणीकडं तंबाखूची कापणी सुरू झाली. आक्कांना ताजी पानं हवी होती, कुठल्या रानातली कुठली ते स्वतः डोळ्यांनी बघून. शाळेतून पंधरा दिवसांची रजा काढून त्या मामांकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, ‘कागद आले की ठेव. मधल्या शनिवारी मी येते, अर्जाचं बघते आणि परत जाते.’

त्या आठवड्यात मंगळवारी पुण्याचं पाकीट आलं. मी उघडलं. प्राध्यापकांनी विषयाचे शब्द बदलले होते, आणि खाडाखोड नको म्हणून नवा कोरा अर्ज घेऊन त्यावर शिफारस लिहून दिली होती. आक्कांनी सही केलेला जुना अर्ज त्यात नव्हता. नव्या अर्जावर सगळं मी भरणार होते, फक्त उमेदवाराची सही आक्कांनीच करायची होती. सोबतच्या चिठ्ठीत होतं, अर्ज पुढच्या बुधवारपर्यंत विद्यापीठात पोचला पाहिजे. मी दिवस मोजले. शनिवारी आक्का येणार, सही करणार, त्याच दिवशी रजिस्टर होणार. सोमवारी, फार तर मंगळवारी पोचेल. मी अर्ज भरला, टीपकागद लावला आणि दाखले क्रमानं लावून ठेवले. माझ्या दृष्टीनं सगळं ठीक होतं.

गुरुवारी मामा कोर्टाच्या कामासाठी बेळगावला आले. जेवण करून सोप्यात पान लावत बसले होते. निघताना त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून विचारलं, ‘सूनबाई, आक्कीनं इचारलंय, अर्जाचं काय झालं म्हणून.’

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. मी या घरात आले तेव्हा विचारलेल्याचं उत्तर पुरं देत असे. माझ्या वडिलांनी तसंच शिकवलं होतं. पहिल्याच महिन्यात सासऱ्यांचे, म्हणजे आप्पांचे, एक मित्र आले होते. त्यांनी माहेरची चौकशी केली, आणि मी चार-पाच वाक्यांत सांगितली. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘इंग्रजी शिकलेल्या सुनेला एका शब्दात बोलता येत न्हाय व्हय? मोठ्यांपुढं व्याख्यान द्यायचं नसतं गं.’ तशा त्या कडक नव्हत्या, पण रीत ती रीत. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांशी सुनेनं दाराआडून, मान खाली घालून, एखाद्या शब्दात बोलायचं. मीही ते शिकले, आणि नीट शिकले. कुठलीही गोष्ट शिकायची तर नीट शिकायची, हा माझा स्वभाव. तर मामांनी विचारलं, आणि मी दाराआडून म्हटलं,

‘परवा.’

माझ्या मनात होतं, परवा आक्का येतील, सही करतील, मग अर्ज जाईल. मामा म्हणाले, ‘बरं बरं. झ्याक झालं.’ त्यातलं ‘झालं’ मला तेव्हाच खटकायला हवं होतं... नाही खटकलं. मी ताटं उचलायला गेले.

निपाणीला जाऊन मामांनी आक्कांना निरोप दिला, ‘परवाच गेलाय अर्ज. सूनबाई लई हुशार हाय तुमची.’ पाकीट खरोखरच मंगळवारी, म्हणजे गुरुवारच्या हिशेबानं परवाच आलं होतं, आणि आक्कांनीही ते त्याच सुमारास येईल असं धरलं होतं, त्यामुळे त्यांना त्यात काही चुकीचं दिसलं नाही. त्यांच्या समजुतीनं अर्जावर त्यांची सही आधीच होती. आता फक्त टपालात टाकायचं काम, तेही मी केलेलं. मग शनिवारी येण्याचं कारणच उरलं नाही. शनिवारी ज्याची विडी चांगली जळते अशा एका रानातलं पान उचलणार होते. त्या तिकडं गेल्या.

इकडं मी शनिवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटारी, म्हणजे तेव्हाच्या बसगाड्या, कोळशाच्या धुरावर चालायच्या आणि चढाला बंद पडायच्या. मोटार बिघडली असेल, उद्या येतील, असं मला वाटलं. रविवारी दुपारी मी तुमच्या आजोबांना म्हटलं, ‘तार करायची का?’ सासूबाईंनी ऐकलं. ‘तार नको गं बाई. दारात तार आलेली बघून माझा भाऊ कागद फोडायच्या आधीच खाली बसायचा.’ तेव्हा तार म्हणजे मयताचीच, हे खरंच होतं. सोमवारी सकाळच्या मोटारीनं आजोबा स्वतः निघाले. ती वंटमुरीच्या चढाला बसली. पोचायला दिवस मावळला, आणि आक्का तिथून पुढं चिकोडीच्या वाटेवरच्या एका वाडीत होत्या. मंगळवारी दुपारी दोघं बेळगावात उतरले. ठरल्याप्रमाणे मी कागद घेऊन पोस्टात उभीच होते. आक्कांनी तिथल्या फळीवर सही केली. हाताला तंबाखूचा चीक होता, सहीच्या कडेला तपकिरी बोट उमटलं. मी म्हटलं, ‘डाग पडला.’ त्या म्हणाल्या, ‘पडू दे. विषयाला धरूनच आहे.’

अर्ज गुरुवारी पोचला. तीन आठवड्यांनी परत आला. मुदतीनंतर मिळाला, त्यामुळे विचार करता येत नाही, असं सभ्य शब्दांत लिहिलं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती, नियम सगळ्यांना सारखा होता. प्राध्यापकांनीही वाईट वाटल्याचं लिहिलं. उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. आक्कांनी आणखी दोन ठिकाणी पत्रं पाठवली, ती मीच लिहिली. एकीकडून उत्तर आलं नाही, दुसरीकडं जागा नव्हती. त्यानंतर त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं नाही.

अर्ज परत आला त्या दुपारी त्यांनी मला माडीवर बोलावलं. मी रडायच्या तयारीनं गेले होते. त्या काटा पुसत होत्या.

‘इंदू, मामांना तू नेमकं काय म्हणालीस?’

‘परवा.’

‘नुसतं परवा?’

‘नुसतं.’

‘पुढं काही न्हाय? जाईल, गेला, जाणार, काही?’

‘नाही.’

‘का गं?’

मी सासूबाईंचं ते व्याख्यानाचं बोलणं सांगितलं. त्यांनी पुसलेला काटा उचलून धरला. एक पारडं वर जात होतं, एक खाली... मग म्हणाल्या, ‘एका क्रियापदाचा खर्च होता. तेवढाच आपण वाचवला.’ आणि उठून खाली गेल्या. मीही मागोमाग गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. आक्का त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘आई, आजपासून इंदू या घरात पुरं वाक्य बोलणार. मामांपुढं बोलणार, आप्पांपुढं बोलणार, कुणी आलं तरी बोलणार. माझा अर्ज गेला तो गेला. पण तो कशापायी गेला एवढं ध्यानात ठेव.’

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. ‘मी काय तुझा अर्ज अडवला व्हय गं?’

‘तू न्हाय अडवलास. रीतीनं अडवला.’

सासूबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. जरा वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘आज भाजी काय करूया, सांग. पुरं सांग.’

मी सांगितलं, ‘वांगी आहेत, ती भरून करूया.’ व्याख्यानाच्या त्या बोलण्यानंतर सासूबाईंपुढं विचार न करता पुरं बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

दुसरा नियम आक्कांनी त्याच दिवशी केला. मराठीनं मागच्या आणि पुढच्या दिवसाला एकच शब्द ठेवून घोळ घातलाय, कानडीनं तो घातलेला नाही, म्हणून कानडीतले दोन घ्यायचे. मी माहेरची साताऱ्याकडची, मला कानडीचं अक्षर येत नव्हतं. ते दोन शब्द मी आधी शिकले, भाजीवाल्याचं कानडी नंतर. मामा यायचे तेव्हा आक्का मुद्दाम विचारायच्या, ‘मामा, मोटार कधीची?’ मामा ‘पर...’ म्हणून जीभ चावायचे. ‘नाडिद्दू, आक्के, नाडिद्दू! गाढव हाय मी.’ ‘मामा, गाढव शब्द हाय, तुम्ही न्हाय.’ हे वर्षानुवर्षं चाललं. मामा गेले तोवर ती थट्टाच झाली होती. मला मात्र त्यात कधी हसता आलं नाही. आक्कांना ते दिसत असावं. तो शब्द कुणाच्या तोंडून निघाला होता, हे सासूबाई आणि मामांखेरीज दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी कळू दिलं नाही. सगळे मामांच्याच कानाला दोष देत राहिले, आणि मामांनीही तो आनंदानं घेतला.

राख तोलणं आक्कांनी सोडलं नाही. निपाणीकडची माणसं पानांची जुडी घेऊन यायची, ‘आक्का, विझतीया का बघा.’ कुठल्या रानाला कुठलं खत बंद करून बघावं, हे त्या सांगायच्या. काहींना गुण आला, काहींना नाही. शाळेत त्यांनी तीस वर्षांहून जास्त शिकवलं, त्यांच्या मुली डॉक्टर झाल्या, प्राध्यापक झाल्या. पण म्हणून पदवीची कसर भरून निघाली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती निघाली नाही. एक विद्यार्थिनी आपला छापून बांधलेला प्रबंध घेऊन पाया पडायला आली होती. आक्कांनी तो हातात घेतला आणि विषय न बघता आधी सह्यांचं पान उघडलं. त्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘छान. सगळ्या जागच्या जागी आहेत.’ त्यानंतर जो जो प्रबंध घरात आला, त्याचं त्यांनी तेच पान आधी उघडलं.

मृदुला, मागच्या महिन्यात तुझा फोन आला होता तेव्हा आक्का पलंगावर होत्या. ऐकू कमी यायचं, म्हणून मी फोन मोठ्यानं लावला होता. तू म्हणालीस, ‘आजी, पीएच.डी.च्या अर्जाची शेवटची तारीख परवा आहे.’ आक्का उठून बसल्या. ‘मोन्ने का नाडिद्दू?’ त्यांनी विचारलं. तू हसलीस. तुला वाटलं, म्हातारपणानं घोळ होतोय. त्यानंतर दोन दिवस त्या मला दर थोड्या वेळानं विचारत होत्या, ‘पोरीचा अर्ज गेला का?’ तुझा निरोप आला तेव्हा मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, ‘मृदुलेनं अर्ज काल संध्याकाळी पाठवला, आणि पोचल्याचं उत्तरही आलं.’

‘सही?’

‘सही केली आहे तिनं, आक्का.’

‘बरं बोलतेस हल्ली,’ त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं वळून झोपल्या.

गेल्या आठवड्यात मी त्यांची ट्रंक लावली. परत आलेला तो अर्ज सापडला. कागदाची टंचाई होती तेव्हाची, आक्का पाठकोरा कागद टाकत नसत. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर रानांची नावं आणि राखेची वजनं आहेत, त्यांच्या त्या मुंग्यांच्या अक्षरात. पुढं माझं अक्षर, त्यांची सही आणि तपकिरी बोट. तो मी तुला पाठवते आहे. सांभाळून ठेव.

आणि मोन्नेचं... आक्कांनी तो शब्द घरात आणला तो नेमका दिवस कळावा म्हणून. तुम्हाला फोन केला तेव्हा तो बरोबर होता. आता महिना होत आला. तरी दारात कुणी आलं आणि विचारलं की माझ्या तोंडून तेच निघतं, ‘आक्का मोन्ने गेल्या.’ मग मी थांबते, मनात दिवस मोजते, आणि वाक्य पुन्हा सांगते. पुरं सांगते, तारखेसकट.

तुमची,
आजी